मुलांच्या मैदानात रबर घालताय? या चुका टाळा

सोसायटीच्या आवारात किंवा बालवाडीच्या अंगणात घसरगुंडी बसवायची ठरली की पहिली चर्चा खालच्या रबराच्या रंगावर होते. निळं घ्यायचं की हिरवं, मधे फुलपाखरू काढायचं का? जाडीबद्दल क्वचितच कोणी विचारतं. आणि मुलाचं डोकं वाचतं ते जाडीमुळे.

म्हणून आधी टेप घ्या आणि मूल जास्तीत जास्त किती उंचीवरून पडू शकतं ते मोजा. घसरगुंडीला मूल उभं राहतं त्या फळीपर्यंत, चढायच्या जाळीला सगळ्यात वरच्या दांड्यापर्यंत, झोपाळ्याला तो टांगलेल्या आडव्या दांड्यापर्यंत. ही उंची कंत्राटदाराला सांगा आणि तेवढ्या उंचीचा चाचणी अहवाल मागा. युरोपचं ईएन ११७७ आणि अमेरिकेचं एएसटीएम एफ १२९२ ही मानकं यासाठीच आहेत. डोक्यासारखा वजनदार गोळा वरून टाकून धक्का मोजतात. एचआयसी, म्हणजे डोक्याला इजा होण्याचा धोका सांगणारा आकडा, १००० च्या वर गेला तर ती उंची त्या रबराला झेपत नाही. अहवालात जाडी आणि उंची दोन्ही लिहिलेल्या हव्यात आणि तुमच्याकडे येणारा मालही तोच हवा. ‘टेस्टेड आहे’ एवढ्या शब्दावर सही करू नका.

जिममधल्या १०-१५ मिमीच्या रबरी टाइल दिसायला तशाच असतात, पण दीड मीटरवरून पडणाऱ्या मुलासाठी त्या कुचकामी. काँक्रीटवर नुसतं कृत्रिम गवत अंथरणं तर त्याहून वाईट. पैसे कमी पडत असतील तर रबर पातळ करू नका, बुटकी घसरगुंडी घ्या.

जागेवर ओतायच्या रबरात फसगत सोपी असते. खालचा काळा थर टायरच्या चुऱ्याचा, धक्का मुख्यतः तोच झेलतो. वर ईपीडीएम या कृत्रिम रबराचा रंगीत थर येतो. काटकसर होते ती काळ्या थरात, आणि रंग चढला की काही दिसत नाही. म्हणून काळा थर पसरल्यावर, रंगीत थर घालण्याआधी, स्वतः उभं राहून दाभण टोचा, बोटाने खूण धरा आणि पट्टीवर मोजा. घसरगुंडीच्या पायथ्याशी, झोपाळ्याखाली आणि कडेला जरूर टोचा. रबर खेळण्याच्या चारी बाजूंना सहा फूट तरी पुढे यायला हवं. झोपाळ्याला पुढे आणि मागे, दांड्याच्या उंचीच्या दुप्पट. या पट्ट्यात चिऱ्याचा कट्टा नको.

गोव्यातली सगळ्यात महाग चूक म्हणजे पावसाच्या तोंडावर काम उरकणं. रबराचे दाणे बांधणारं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, पण ते घट्ट व्हायच्या आत सर आली की त्याला फेस येतो, फुगे धरतात आणि पुढे दाणे सुटतात. रबराखालचा पाया ओला असेल तर ते चिकटतच नाही. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ धरा. पायाला मीटरमागे एक ते दोन सेंटिमीटर उतार आणि पाण्याला वाट हवीच, कारण पाणी रबरातून खाली झिरपतं आणि पाया सपाट असला तर तिथेच साचतं. भरावाच्या मातीवर थेट टाइल टाकल्या तर पहिल्याच पावसाळ्यात माती खचते आणि सांधे उघडतात.

गडद रंग एप्रिल-मेच्या दुपारी अनवाणी पाय भाजतील इतके तापतात. फिकट रंग घ्या, वर सावली करा. आंब्या-फणसाच्या सावलीत मात्र पाला रोज झाडावा लागेल, नाहीतर शेवाळ धरतं आणि मुलं घसरतात. शेवाळ काढायला ताठ ब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं. प्रेशर पंपाची नळी जवळ धरली तर शेवाळासोबत दाणेही उडतात. पेट्रोल, थिनर अजिबात नको.

झोपाळ्याखालचे दाणे सुटायला लागले आणि झीज वरवरची असली तर कोरड्या दिवसांत बाइंडरचा, म्हणजे दाणे बांधणाऱ्या पॉलियुरेथेनचा, नवा हात देता येतो. खड्डा काळ्या थरापर्यंत गेला असेल तर तो भाग चौकोनी कापून दोन्ही थर नव्याने भरा. तिथे सिमेंट कधीही थापू नका; नेमकी मुलं जिथे पडतात तीच जागा दगडासारखी होते. टाइलचा कोपरा उचलला असेल तर नुसता गोंद लावून भागत नाही. टाइल काढून खालचा पाया बघा. आणि अंगठ्याने दाबून रबर दबत नसेल, उन्हाने कडक झालं असेल, तर वरून रंग मारून ते मऊ होणार नाही. उंच खेळणी बंद ठेवा आणि चाचणी पुन्हा करून घ्या.