भाड्यासाठी फ्लॅट घेताय? मग खरं रिटर्न असं काढा

एजंट म्हणतो सिंहगड रोडला 80 लाखाचा टू बीएचके आहे, 22 हजार भाडं आरामात येतं. आपण लगेच मोबाईलवर हिशोब करतो, वर्षाचे 2 लाख 64 हजार, म्हणजे 3.3 टक्के, वर किंमत वाढेल ती वेगळी. पण प्लीज एवढ्या एका आकड्यावर आयुष्यभराची सेव्हिंग लावू नका.

आधी भागायचं कितीने ते बघा. 80 लाखाने नाही, तुमच्या खिशातून एकूण जेवढे गेले तेवढ्याने. पुण्यात स्टॅम्प ड्युटी 7 टक्के म्हणजे 5.60 लाख (फक्त बाईच्या नावावर घेतला तर 1 टक्का कमी), रजिस्ट्रेशन 30 हजार, एजंटचे 80 हजार, आणि किचन ट्रॉली, वॉर्डरोब, गीझर, पंखे, ग्रिल धरून 3 लाख. झाले 89.70 लाख. हा रेडी फ्लॅटचा हिशोब, बांधकाम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी वर आणि पझेशन मिळेपर्यंत भाडं शून्य.

आता वरचा आकडा, म्हणजे ज्याला भागायचं ते भाडं. 11 महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं, भाडेकरू गेला, रंग मारून दुसरा येईपर्यंत महिना जातोच, म्हणून वर्षाला 11 महिन्यांचंच भाडं धरा, 2.42 लाख. त्यातून मेंटेनन्स 36 हजार (बऱ्याच ठिकाणी तो मालकच भरतो, आधी विचारून घ्या), प्रॉपर्टी टॅक्स समजा 18 हजार, दर दोन वर्षांनी ब्रोकरला महिन्याचं भाडं म्हणजे वर्षाला 11 हजार, दुरुस्ती-रंग 15 हजार, नॉन ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही, भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) 3 हजार. हे नॉन ऑक्युपन्सी चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त सोसायटीला लावता येत नाहीत, जास्त लावले असतील तर भांडा. प्रॉपर्टी टॅक्सचं पण नीट बघा, पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला 40 टक्के सवलत देते, भाड्याने दिला की ती जाते, त्यामुळे आधीच्या मालकाची पावती बघून आकडा धरू नका.

हातात राहिले 1.59 लाख, 89.70 लाखावर साधारण 1.8 टक्के. एजंटच्या आकड्याच्या जवळपास निम्मं!

मग इन्कम टॅक्स. भाड्यातून भरलेला प्रॉपर्टी टॅक्स वजा होतो, उरलेल्यावर सरसकट 30 टक्के सूट मिळते, पण मेंटेनन्स, ब्रोकर वगैरे वेगळं दाखवता येत नाही. कर्ज नसेल आणि तुम्ही 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर साधारण 49 हजार टॅक्स जातो, उरतं सव्वा टक्का.

कर्ज काढणार असाल तर अजून जपून. 60 लाख, 8.5 टक्के, 20 वर्षं, ईएमआय साधारण 52 हजार, फ्लॅटमधून महिन्याला सुटतात 13 हजार, म्हणजे 39 हजार पगारातून. व्याज भाड्यातून वजा होतं म्हणून भाड्यावर टॅक्स लागणार नाही, पण "तोटा दाखवून पगारावरचा टॅक्स वाचतो" हे जुन्या रिजीममध्येच चालतं आणि तेही वर्षाला 2 लाखांपर्यंत, नव्यात अजिबात नाही.

राहिली किंमतवाढ. बहुतेक लोक खरं तर त्याच्याच भरवशावर घेतात, तर मग तीच नीट तपासा, ब्रोशर बघून नाही. नोंदणी विभागाच्या साईटवर इंडेक्स 2 (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, त्यात किंमत असते) शोधा, त्याच सोसायटीतले फ्लॅट पाच-सात वर्षांपूर्वी कितीला गेले आणि आता कितीला जातात ते कळतं. विकताना नफ्यावर 12.5 टक्के टॅक्स आहे तोही धरा. भाड्याचं म्हणाल तर ऑनलाईन जाहिरातीतलं भाडं हे मागितलेलं असतं, मिळालेलं नाही, वॉचमनला आणि दोन-तीन भाडेकरूंना विचारा, किती फ्लॅट रिकामे आहेत तेही कळेल.

भाव करताना मी उलटा हिशोब करायला सांगेन. टॅक्सआधी 2.5 टक्के तरी सुटले पाहिजेत असं ठरवलं तर 1.59 लाखाला 0.025 ने भागा, येतात 63.6 लाख, आणि यात ड्युटी, फर्निचर सगळं आलं. म्हणजे भाड्याच्या हिशोबाने या फ्लॅटला फार तर 55-56 लाख द्यायला हरकत नाही. त्यावरचा प्रत्येक रुपया तुम्ही फक्त किंमत वाढेल या आशेवर देताय, तो द्यायचा का ते टोकन देण्याआधी घरच्यांशी बसून ठरवा.