मित्रांना घेऊन ॲक्शन कॉमेडी शॉर्ट फिल्म करताय? सुरुवात मार खाणाऱ्यापासून करा

आम्ही कोल्हापुरातल्या मित्रामित्रांनी मिळून एक ॲक्शन कॉमेडी शॉर्ट फिल्म केली, त्याच्या जोरावर मी पुढे एडिटिंगच्या कामाला लागलो आणि आता पुण्यात तेच करतो, त्यामुळे ज्युनियर पोरंपोरी मेसेज करून सारखं विचारतात की दादा आम्हालाही करायचीय, कॅमेरा कुठला घेऊ. म्हणून एकदाच सगळं नीट लिहितो. कॅमेरा हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. पहिला प्रश्न हा की तुमच्या ग्रुपमध्ये मार चांगला कोण खातो.

खरंच सांगतो, मारामारीच्या सीनमध्ये बुक्की मारणारा अर्धंच काम करतो, बाकीचं सगळं खाणाऱ्याच्या मानेवर, खांद्यांवर आणि डोळ्यांवर असतं. हिरोने कितीही जोरात हात फिरवला आणि समोरच्याची मान वेळेवर वळली नाही तर प्रेक्षकाला ते खोटं वाटतं, आणि कॉमेडीत तर हसू येतंच मुळी त्याच्या चेहऱ्यावर, म्हणजे फटका बसायच्या आधी 'आता बसणार' हे त्याला कळतं त्या अर्ध्या सेकंदात. आमच्या ग्रुपमधला कुस्तीच्या तालमीत जाणारा मित्र दिसायला हिरो होता, सगळे म्हणाले यालाच हिरो कर, पण त्याला पडता येत होतं म्हणून त्याला आम्ही गुंड केला. फिल्म बघून लोक आजही त्याच्याबद्दलच विचारतात.

आता गोष्ट. नवीन पोरं 'इथे फाईट होते' असं एका ओळीत लिहून पुढे जातात आणि मग लोकेशनवर उभं राहून ठरवतात की कोण कुणाला कशी मारणार, त्यातून ढकलाढकली निघते, फाईट निघत नाही. स्क्रिप्टमध्ये फाईट लिहायची तर आधी अडचण लिहा. आमचा हिरो खानावळीत काम करणारा पोऱ्या, हातात अंड्यांचा तीसचा ट्रे, मालकाची उधारी वसूल करायला आलेले तीन गुंड त्याला बोळात गाठतात, आणि एक जरी अंडं फुटलं तरी पगारातून कापणार हे आधीच्या सीनमध्ये सांगून झालंय. बस्स, एवढंच. दोन्ही हात अडकलेत म्हणजे त्याला कोपर, गुडघा, दरवाजा, वाळत घातलेली चादर यांनीच लढावं लागतं, ट्रे मध्येच वर उडवून एक गुंड आडवा करून परत झेलावा लागतो, आणि एका ठिकाणी गुंडच घाबरून ट्रे पकडतो कारण त्यालाही अंडी फुटायला नको असतात. प्रत्येक मूव्ह ही त्या अडचणीतून आपोआप निघते, वेगळे जोक लिहावे लागत नाहीत. मूकपटांच्या काळातला बस्टर कीटन बघा, जॅकी चॅन बघा, दोघांचंही हेच, आधी माणसाला अडकवतात मग सोडवतात, आणि जमेल तिथे मारणारा आणि खाणारा दोघंही एकाच फ्रेममध्ये डोक्यापासून पायापर्यंत दिसतात. मराठीत महेश कोठारेंनी ८० च्या दशकात मारामारी आणि कॉमेडी एकत्र चालवून दाखवली, ते बघतच आपल्या आधीची पिढी मोठी झाली, तेव्हा हे आपल्याला परकं नाहीच.

(अंड्यांचं सांगतो कारण नेहमी विचारतात, रिहर्सलला आणि उडवायच्या शॉटला टरफलं वापरली, सुईने भोक पाडून आतलं काढून घ्यायचं, भुर्जी होते. खरी अंडी फक्त फुटायच्या शॉटला.)

बुक्की कशी मारायची. कॅमेरा, मारणारा आणि खाणारा हे साधारण एका रेषेत पाहिजेत, म्हणजे कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे किंवा खाणाऱ्याच्या मागे. मूठ चेहऱ्यासमोरून आडवी जाते, दोघांत चांगलं हातभर अंतर ठेवा, लेन्सला ते अंतर कळत नाही. फोनला दोन-तीन एक्स टेलिफोटो, म्हणजे झूमची लेन्स असेल तर लांब जाऊन झूमवर शूट करा, अंतर अजून दाबलं जातं. कॅमेरा बाजूला, म्हणजे दोघांच्या बरोबर मध्ये काटकोनात ठेवला की मधली फट दिसते आणि सगळं संपलं. खाणाऱ्याने मूठ ज्या दिशेला चाललीय त्याच दिशेला मान वळवायची, आधी मान मग खांदे मग पाय, या क्रमाने. आणि मारायच्या आधी दोघांची नजरानजर झालीच पाहिजे, समोरचा तयार आहे हे डोळ्यांनी कळल्याशिवाय हात उचलायचा नाही. आम्ही प्रत्येक फाईट आकड्यांवर बसवली, एकला डावा हात, दोनला खाली वाकणं, तीनला दरवाजा असं, आणि आधी अगदी पाण्यात चालल्यासारखं हळू, मग निम्म्या स्पीडला, आणि कॅमेऱ्यासमोर सुद्धा पूर्ण जोर कधीच नाही. वेग एडिटमध्ये मिळतो, क्लिप ११०-११५ टक्क्यांवर टाकली की कुणाला कळत नाही, त्याच्या वर गेलात तर मात्र कपडे आणि केस चुगली करतात.

पडणं शिकायला आम्ही तालमीत गेलो आणि माझ्या मते आमच्या फिल्मचं सगळ्यात मोठं नशीब ते होतं. लाल मातीत ताक, हळद, लिंबू, तेल घालून ती मऊ ठेवलेली असते, वस्तादांनी आम्हाला तिथे नुसतं पडायलाच लावलं. हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं मागे आपटत नाही, श्वास सोडत पडायचं, तळहात टेकवून शरीराचा भार मनगटावर घ्यायचा नाही. तुमच्या गावात तालीम नसेल तर ज्युदोचा क्लास शोधा, ते पण पहिलं पडणंच शिकवतात. लोकेशनवर फ्रेमच्या बाहेर गादी, आणि गादीखाली रिकामे पुठ्ठ्याचे खोके, किराणा दुकानात फुकट मिळतात. खोके दबून धक्का खातात, सिनेमातले स्टंटवाले सुद्धा खोक्यांवर पडत आलेत. उंचावरून उडी, चालती गाडी, खरी काच, आग आणि पाणी हे पाच विषय स्क्रिप्टमधूनच काढून टाका, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. उडी मारली हे दाखवायला वरून निघतानाचा एक शॉट आणि खाली गादीवर पोचतानाचा एक शॉट, मध्ये आवाज, झालं. बाटली फोडायची असेल तर साखर कडक पाकवून साच्यात ओतून बनवतात पण आपल्याकडच्या दमट हवेत ती चिकट होते, त्यापेक्षा मडकं घ्या, थर्माकोल घ्या, दिसायला पण जास्त मजेशीर. रक्त हवं तर घट्ट साखरेचा पाक, खायचा लाल रंग आणि थोडी कोको पावडर, कोको नाही घातली तर ते सरबत दिसतं.

बंदूक दाखवणार असाल, अगदी खेळण्यातली, तर आधी जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या, त्यात तारीख, वेळ, जागा, किती माणसं आणि कुठली नकली शस्त्रं ते सगळं लिहा आणि पोच घेतलेली कॉपी खिशात ठेवा. बोळातल्या प्रत्येक घरी आदल्या दिवशी जाऊन सांगा. लांबून बघणाऱ्या आजोबांना ते खरंच वाटतं आणि त्यांचं घाबरणं ही आपली जबाबदारी आहे. गोळी सुटल्याचा उजेड एडिटमध्ये टाकता येतो, फटाका वगैरे काही नको.

मित्रांचा वेळ. पैशापेक्षा तोच आधी संपतो. कुणाची परीक्षा, कुणाची शिफ्ट, कुणाच्या बहिणीचं लग्न, मग शूट रविवारच्या तुकड्यांत होतं. यावर मन लहान करू नका. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या पीटर जॅक्सनने त्याची १९८७ ची पहिली फिल्म 'बॅड टेस्ट' न्यूझीलंडमध्ये पेपरमधली नोकरी सांभाळत सुट्टीच्या दिवशी मित्रांना घेऊन चारेक वर्षं शूट केली, एलियनचे मास्क आईच्या ओव्हनमध्ये भाजले, आणि कड्यावरच्या एका मारामारीत तो स्वतःच दोन्ही पात्रं आहे, एकाला दाढी आहे एकाला नाही, वेगवेगळ्या वेळी शूट करून जोडलंय. आपल्या मालेगावात यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी २००० च्या आसपासपासून फिल्म बनवल्या, ट्रॉली नव्हती म्हणून सायकल, क्रेन नव्हती म्हणून बैलगाडी. ही माणसं मला फार जवळची वाटतात, कारण नसलेल्या गोष्टीवर थांबायचं नाही हे त्यांनी करून दाखवलं. पण तुकड्यांत शूट करायचं तर कंटिन्युइटीला एक माणूस पूर्णवेळ द्या, जो प्रत्येक शॉटनंतर शर्टाची बटणं, घाम, ट्रेमधली अंडी, सगळ्याचे फोटो काढेल. आणि फाईट सकाळी घ्या. मिसळ-जेवण झाल्यावर माणूस जड होतो, लक्ष उडतं आणि तेव्हाच लागतं कुणाला तरी. डायलॉग दुपारी.

आता तुमचा कॅमेरा. फोन पुरतो. मात्र तो डिफॉल्ट सेकंदाला ३० फ्रेमवर असतो, आपल्याकडे लाईट ५० हर्ट्झवर चालते, म्हणून ट्यूबलाईटखाली काळे पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि शटर स्पीड १/५० सेकंद ठेवा, स्लो मोशन हवं तिथे ५० फ्रेम आणि १/१००. आयफोनच्या सेटिंगमध्ये पॅल फॉरमॅट चालू करावा लागतो तेव्हा २५ दिसतं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट आहे, त्यात शटर, फोकस, व्हाईट बॅलन्स सगळं लॉक होतं. नाहीतर फोन दर शॉटला रंग बदलतो आणि एडिटरचा जीव जातो. साध्या कॅमेरा ॲपमध्ये शूट केलं असेल तर फ्रेमरेट मध्येच हलतो आणि आवाज पुढेमागे सरकतो, तेव्हा एडिटच्या आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून क्लिपचा फ्रेमरेट कॉन्स्टंट करून घ्या. फुटेजच्या दोन कॉप्या, दोन वेगळ्या घरी, त्याच रात्री.

एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हचं फुकटचं व्हर्जन भरपूर आहे. माझी एक सवय सांगतो, मूठ लागते तिथे कट करताना दुसरा अँगल दोन-तीन फ्रेम मागून सुरू करतो, म्हणजे फटका अगदी थोडासा दोनदा दिसतो, डोळ्याला ते रिपीट झालेलं कळत नाही पण जोर जाणवतो, हाँगकाँगवाले हे कित्येक वर्षं करत आलेत. आणि कट करायच्या आधी खाणाऱ्याचा चेहरा पूर्ण होऊ द्या. नवीन एडिटर मारणाऱ्याच्या प्रेमात असतो आणि लगेच त्याच्याकडे परततो, तिथेच हसू मरतं.

आवाजाला मी कॅमेऱ्यापेक्षा जास्त दिवस दिले आणि कुणालाही हेच सांगेन. फाईटचा एकही खरा आवाज वापरलेला नाही. बुक्कीसाठी ओला टॉवेल गादीवर आपटलेला, त्यावर कोबीचा गड्डा फोडल्याचा आवाज, हाड मोडायला उसाचं कांडं कडकन मोडलेलं (कोल्हापुरात त्याचा तुटवडा नाही), कपड्यांची सळसळ वेगळी. रेकॉर्डिंग फोनवरच, गाद्या आणि रजया लावलेल्या खोलीत, पंखा बंद करून. तीन गुंडांच्या फटक्यांचे आवाज तीन वेगळे ठेवले, जाड्याचा भारी, किडक्याचा पोकळ, आणि लोक डोळे न वापरता ओळखायला लागले कोणाला बसली. म्युझिक यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून घ्या किंवा एखाद्या वाजवणाऱ्या मित्राकडून बनवून घ्या, सिनेमाचं गाणं टाकलंत की यूट्यूबची कॉपीराइट ओळखणारी सिस्टिम, कॉन्टेंट आयडी, पकडतेच.

पहिला कट ग्रुपला दाखवू नका, ते प्रत्येक शॉटला शूटची आठवण काढून हसतात. ज्यांनी शूट पाहिलंच नाही अशा पाच-सहा जणांना बसवा आणि तुम्ही स्क्रीनकडे न बघता त्यांच्याकडे बघा, कागदावर वेळ लिहा, कुठे हसले, कुठे फोन काढला. हशा येतो तिथे पुढच्या डायलॉगच्या आधी सेकंद-दीड सेकंद जागा सोडा, नाहीतर तो डायलॉग बुडतो. जिथे कुणीच हसलं नाही ते आधी छोटं करा, मग परत दाखवा, दुसऱ्या लोकांना. यूट्यूबवर टाकायला सेन्सॉर सर्टिफिकेट लागत नाही, थिएटरमध्ये लावायचं असेल तर लागतं. फेस्टिव्हलला पाठवताना आधी नियम वाचा, काही ठिकाणी ऑनलाईन टाकलेली फिल्म घेत नाहीत, म्हणून अपलोडची घाई करू नका. इंग्लिश सबटायटल्स मात्र पहिल्यापासून करून ठेवा, आणि टायटल्समध्ये खोके देणाऱ्या किराणावाल्यापासून वस्तादांपर्यंत सगळ्यांची नावं स्पेलिंग विचारून घाला.