सार्क, युरोपियन युनियन, बिम्सटेक: तक्ता पाठ न करता अभ्यास कसा करायचा

एमपीएससी किंवा यूपीएससी करणारे आपण सगळे शेजारी देशांच्या संघटना आल्या की स्थापना, मुख्यालय, सदस्य असा तक्ता करतो आणि अभ्यासिकेत टेबलासमोर चिकटवतो. मीपण वर्षभर तेच केलं. प्रिलिमला तो चालतो, पण मेन्सला सार्क (दक्षिण आशियातल्या देशांची संघटना) ठप्प का झालं असं विचारलं की तक्ता काहीच कामाचा नाही.

म्हणून सुरुवात दुसरीकडून करा. कुठलीही संघटना घेतली की आधी बघा, तिथे एखादा देश नाही म्हणाला तर पुढे काय होतं? सगळं थांबतं, की बाकीचे त्याला मागे ठेवून पुढे जाऊ शकतात? हे एवढं कळलं ना की निम्मा चॅप्टर आपोआप उलगडतो.

सार्कची सनद फक्त १० कलमांची आहे, एका बैठकीत वाचून होते, तर क्लासच्या नोट्स बाजूला ठेवून तीच वाचा. शेवटचं १० वं कलम म्हणतं की सगळे निर्णय एकमताने होतील आणि द्विपक्षीय व वादग्रस्त विषय चर्चेला घ्यायचे नाहीत. आता हे डोक्यात ठेवून २०१४ च्या काठमांडू परिषदेकडे बघा: मोटार वाहन, रेल्वे आणि वीज असे तीन करार तयार होते, पाकिस्तान तयार झाला नाही म्हणून पहिले दोन राहिले आणि फक्त विजेच्या करारावर सह्या झाल्या. पुढची परिषद २०१६ ला इस्लामाबादला होणार होती, उरीच्या हल्ल्यानंतर भारताने आणि मग इतरांनी जायला नकार दिला, ती रद्द झाली, आणि काठमांडूनंतर शिखर परिषद झालेलीच नाही.

मग भारत, बांगलादेश, भूतान आणि नेपाळ या चौघांनी जून २०१५ मध्ये थिंफूला आपला वेगळा मोटार वाहन करार केला, तो बीबीआयएन (चौघांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं). त्यातही भूतानच्या संसदेच्या वरच्या सभागृहाने मंजुरी दिली नाही आणि भूतानने बाकी तिघांना सांगितलं तुम्ही पुढे व्हा. हा करार कशासाठी पाहिजे ते पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोल या सीमेवरच्या नाक्यावर कळतं. आपला ट्रक सीमा ओलांडून बेनापोलच्या यार्डात जातो, तिथे माल उतरवतात, बांगलादेशच्या ट्रकमध्ये भरतात, आपला ट्रक रिकामा परत येतो. उत्तरात ही एक ओळ लिहा, प्रादेशिक एकात्मता वगैरे मोठे शब्द दहा वेळा लिहिण्यापेक्षा हिचा जास्त उपयोग होतो असं माझं ठाम मत आहे.

युरोपकडे जाताना १९५७ च्या रोम करारापासून सुरू करू नका, ९ मे १९५० पासून करा. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनी त्या दिवशी सुचवलं की फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा आणि पोलाद एका सामायिक संस्थेच्या ताब्यात द्यायचं, कारण तोफा-रणगाडे त्यातूनच बनतात आणि ते एकट्याच्या हातात राहिलं नाही तर चोरून युद्धाची तयारीच करता येणार नाही. मला हे प्रत्येक वेळी वाचताना भारी वाटतं, दुसरं महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती. १९५१ ला सहा देशांनी करार केला. त्यातूनच पुढे युरोपियन युनियन झाली, आज तिच्यात २७ देश आहेत आणि बऱ्याच विषयांत १५ देश व ६५ टक्के लोकसंख्या एवढं जमलं की निर्णय होतो, एकमत लागत नाही. पण परराष्ट्र धोरण आणि कर यांना अजूनही एकमत लागतं, म्हणून हंगेरी अडून बसला की बातमी होते.

इथे एक गोंधळ सगळ्यांचा होतो. युरोपियन कौन्सिल म्हणजे देशांचे प्रमुख, कौन्सिल ऑफ द युरोपियन युनियन म्हणजे मंत्री, आणि कौन्सिल ऑफ युरोप ही स्ट्रासबर्गची पूर्ण वेगळी संघटना, ४६ देशांची, ती युनियनचा भाग नाही.

शेंगेनसाठी (म्हणजे युरोपातले ज्या देशांमध्ये सीमेवर पासपोर्ट तपासत नाहीत तो भाग) युरोपचा कोरा नकाशा घ्या, युनियनचे देश पेन्सिलने भरा, शेंगेनची हद्द लाल पेनने काढा. नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड, लिकटेनस्टाइन लालमध्ये येतील पण पेन्सिलमध्ये नाहीत, आयर्लंड आणि सायप्रस बरोबर उलटे. हाताने काढलं की विसरत नाही. १४ जून १९८५ ला मोझेल नदीत एका बोटीवर हा करार झाला तेव्हा युरोपियन समुदायात (युनियनचं आधीचं रूप) १० देश होते आणि सह्या केल्या फक्त पाचांनी, बाकीचे नंतर येत गेले. म्हणजे बीबीआयएनमध्ये जे करायचा प्रयत्न चाललाय तेच.

बिम्सटेकला (बंगालच्या उपसागराच्या परिसरातल्या देशांची संघटना) जास्त वेळ देऊ नका: १९९७ ला बँकॉकमध्ये स्थापना, सात देश, पाकिस्तान नाही, सनद २०२२ ला. पण तिथेही निर्णय सहमतीनेच होतात, त्यामुळे "सार्कला पर्याय" असं लिहिणार असाल तर हे वाक्य लगेच पुढे आलं पाहिजे. आसियानचंही (आग्नेय आशियातल्या देशांची संघटना) तसंच, सहमती.

आता भिंतीवरचा तक्ता काढून त्यात "नाही कोण म्हणू शकतो" असा एक कॉलम वाढवा आणि आधी तोच भरा.