ईएमआय फिल्टर बोर्डावर बसवताना या चुका टाळा

ईएमआय फिल्टर, म्हणजे नको असलेला विद्युतचुंबकीय गोंगाट अडवणारा घटक. त्याच्या डेटाशीटमधील इन्सर्शन लॉसचा (फिल्टर सिग्नल किती दाबतो याचा) आलेख 50 ओहमच्या जुळणीत, म्हणजे दोन्ही बाजूंना 50 ओहम धरून, जवळजवळ आदर्श ग्राउंडवर मोजलेला असतो. तो आपल्या बोर्डावरही जसाच्या तसा मिळेल असे गृहीत धरले जाते आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे लांबलेले ग्राउंड. एक बोर्ड उत्सर्जनाच्या (बाहेर पडणाऱ्या गोंगाटाच्या) चाचणीत 500 मेगाहर्ट्झच्या आसपास वारंवार नापास होत होते. त्यावर 1000 पिकोफॅरडचा तीन टोकांचा (आत, बाहेर आणि दोन्ही कडांना निघणारे ग्राउंड) फिल्टर होता, परंतु त्याचे ग्राउंड पॅड सुमारे 10 मिलिमीटरच्या बारीक ट्रॅकने दूरच्या एकाच व्हियापर्यंत (बोर्डाचे थर जोडणाऱ्या छिद्रापर्यंत) नेलेले होते. अशा ट्रॅकचे इंडक्टन्स ढोबळमानाने 10 नॅनोहेन्री धरले, तर 500 मेगाहर्ट्झला त्याचे इम्पिडन्स 31 ओहम भरते आणि फिल्टरमधील कपॅसिटरचे जेमतेम 0.3 ओहम; 50 मेगाहर्ट्झच्या पुढे ग्राउंडकडे जाणाऱ्या त्या शाखेत राज्य ट्रॅकचेच चालते. तरीही लेआउट करणाऱ्या उत्साही नवख्याने दहापट क्षमतेचा फिल्टर मागवून लावला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! काहीच फरक पडला नाही, पडणारही नव्हता. अखेर सोल्डर मास्क (तांब्यावरचा संरक्षक लेप) खरवडून ग्राउंड टोकाच्या दोन्ही कडा रुंद तांब्याच्या पट्टीने शेजारच्या ग्राउंडला जोडली, तेव्हा जुन्याच फिल्टरने काम केले. ग्राउंडचे इंडक्टन्स अर्ध्या नॅनोहेन्रीवर आणले, तर 50 ओहमच्या जुळणीत याच कंप्रतेला 2 डेसिबलऐवजी सुमारे 25 डेसिबल क्षीणन मिळते. मी प्रत्येक ग्राउंड पॅडला अगदी खेटून किमान दोन-तीन व्हिया देतो आणि ग्राउंड प्लेन लगतच्याच थरात ठेवतो. जागा नाही, ही सबब मी ऐकून घेत नाही.

दुसरी चूक म्हणजे फिल्टरच्या आतबाहेरचे ट्रॅक एकमेकांशेजारून समांतर नेणे. गोंगाट मग फिल्टरला वळसा घालून थेट पलीकडे उडी मारतो. फिल्टर कनेक्टरला लागून बसवावा, स्वच्छ बाजूचा ट्रॅक पुन्हा मागे वळवू नये आणि शिल्ड असल्यास त्याची भिंत दोन्ही बाजूंच्या मधोमध, ग्राउंड पॅडच्या रेषेत यावी.

ग्राउंड पॅडला थर्मल रिलीफच्या (सोल्डर करताना उष्णता प्लेनमध्ये पसरू नये म्हणून ठेवलेल्या) बारीक दांड्या ठेवल्यास इंडक्टन्स वाढते. सोल्डरिंग सोपे जावे म्हणून हा सौदा करू नये.

बोर्डाच्या कडेला किंवा स्क्रूजवळ सिरॅमिक फिल्टर बसवल्यास बोर्ड वाकताना त्याला तडा जाऊ शकतो आणि तो बाहेरून दिसेलच असे नाही. हाताने दुरुस्ती करताना सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक थेट सिरॅमिकवर टेकवणाऱ्यांनी आधी बोर्ड तापवून घेण्याइतका धीर धरावा.