जुनी थकबाकी आणि अमेरिकेतला सिक्युरिटी क्लिअरन्स: कर्ज कसं मिटवावं

अमेरिकी संरक्षण खात्याच्या कंत्राटावर गोपनीय काम करायचं तर सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गुप्त माहिती हाताळायची सरकारी परवानगी, लागतो. इथलं नागरिकत्व घेतलेली आपली मंडळी तो अर्ज भरायला बसली की हमखास विचारतात, ‘जुनं कर्ज थकलंय, आता काय?’ हे अर्ज मी वर्षानुवर्षं भरून घेते आहे. थकबाकी असूनही क्लिअरन्स मिळतो. ती तुम्ही कधी आणि कशी मिटवायला घेतलीत, ते मात्र बारकाईने पाहिलं जातं.

आधी इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांचे क्रेडिट रिपोर्ट काढा. फुकट मिळतात.

मग क्लिअरन्सच्या अर्जाचा, म्हणजे एसएफ-८६चा, २६वा विभाग उघडा. गेल्या ७ वर्षांत १२० दिवसांहून जास्त थकलेलं प्रत्येक कर्ज तिथे लिहा, मिटलेलं असलं तरी. तुम्ही जामीन राहिलेली कर्जंसुद्धा यात येतात. पुण्यातल्या भावाच्या कर्जाला जामीन राहिला असाल आणि ते थकलं असेल, तर अमेरिकी रिपोर्टमध्ये दिसत नाही म्हणून गाळू नका. थकबाकी सावरता येते. जाणूनबुजून लपवलीत तर प्रामाणिकपणाचा वेगळा आक्षेप लागतो आणि तो पुसणं फार कठीण.

आता खरी अडचणीची पायरी: फेड. मलाही ही समजायला वेळ लागला, कारण चारचौघांत मिळणारा सल्ला नेमका उलटा असतो. ‘सात वर्षं थांब, रिपोर्टवरून आपोआप जातं.’ कृपा करून हे ऐकू नका. २०१७पासून लागू असलेल्या निकषांत पैशांचं कलम ‘गाइडलाइन एफ’ आहे. तिथे तपासतात की हा माणूस दिलेला शब्द पाळतो का. कर्ज रिपोर्टवरून गळालं, मुदतबाह्य झालं किंवा बँकेने ‘चार्ज-ऑफ’ केलं, म्हणजे आपल्या हिशेबात बुडीत धरलं, याचा अर्थ तुम्ही ते फेडलंत असा होत नाही. चॅप्टर ७ची दिवाळखोरी, म्हणजे न्यायालयाकडून बरीचशी कर्जं रद्द करून घेणं, कायदेशीर आहे, पण नुसत्या तिच्या जोरावर प्रामाणिक परतफेडीचं श्रेय मिळत नाही.

सगळी कर्जं एकदम फेडलेली असावीत अशी अट नाही. वाजवी योजना हवी आणि ती अमलात आणल्याचा पुरावा हवा. म्हणून ज्यांचे पैसे देणं आहे त्यांच्यापैकी एकाशी लेखी करार करा, झेपेल तेवढाच हप्ता ठरवा, तो खात्यातून आपोआप जाऊ द्या आणि प्रत्येक पावती जपा. ते मिटलं की पुढचं घ्या. माझा आग्रह आहे की हे अर्जाच्या आधीच सुरू करा. आक्षेपांची नोटीस, म्हणजे ‘स्टेटमेंट ऑफ रीझन्स’, हातात पडल्यावर उसनवारी करून एकरकमी भरणा केलात तर त्याचं वजन फार कमी धरतात.

नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला, ही कारणं मानली जातात; पण त्यानंतर तुम्ही काय केलंत हेही दाखवावं लागतं. ज्यांचे पैसे देणं आहे त्यांना पाठवलेली पत्रं इथे उपयोगी पडतात. कर्ज तुमचं नसेलच, तर लेखी हरकत आणि तिचे कागद जोडा.

कर थकला असेल तर राहिलेली विवरणपत्रं आधी भरा, मग आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकी आयकर खात्याकडून, हप्ते बांधून घ्या.

एवढं करूनही नोटीस आलीच तर कंत्राटी कर्मचाऱ्याला उत्तरासाठी २० दिवस असतात. प्रत्येक मुद्दा मान्य की अमान्य ते लिहा, पुरावे जोडा आणि सुनावणी मागा. नुसत्या कागदांवर निर्णय घेऊ देऊ नका. न्यायाधीशांसमोर तुम्हाला स्वतः बोलता आलं पाहिजे. नकार मिळाला तर वर्षभराने पुन्हा अर्ज करता येतो. त्या वर्षात एकही हप्ता चुकवू नका, कारण पुढच्या वेळी तेच कागद पुढे ठेवायचे आहेत.