संघाचं काम सोडून माध्यमात येणाऱ्या क्रिकेट ॲनालिस्टसाठी

संघाकडून नारळ मिळालेला असो किंवा स्वतःहून राजीनामा दिलेला असो, माध्यमात येताना पहिलं काम लॅपटॉप रिकामा करण्याचं आहे. हंगामभर कोड केलेले (चेंडूगणिक खुणा घातलेले) व्हिडिओ, बॉल-ट्रॅकिंगच्या फाइल्स, प्रतिस्पर्ध्यांवरचे अहवाल, लिलावासाठी केलेल्या याद्या हे सगळं सहसा करारानुसार संघाचं किंवा मंडळाचं असतं. ते परत करा, परत केल्याचा ईमेल मागून घ्या आणि गूगल ड्राइव्हवरच्या प्रतीही पुसा. संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याच दिवशी बाहेर पडा. कोणी दुखावेल म्हणून माणसं ग्रुपमध्ये राहतात आणि मग एखाद्या गोलंदाजाच्या खांद्याचा एमआरआय आपसूक फोनवर येऊन पडतो. त्यानंतर त्या गोलंदाजाबद्दल प्रक्षेपणात बोललात तरी पंचाईत, गप्प बसलात तरी पंचाईत.

दुखापत, अंतिम अकरा, डावपेच ही भ्रष्टाचारविरोधी संहितेच्या दृष्टीने आतली माहिती असते. संघ सोडल्यावर संहिता आणि गोपनीयतेचं कलम आपल्याला किती काळ लागू राहतं, हे करार उघडून वाचा. बीसीसीआयच्या 2018 च्या घटनेतला 38 वा नियमही पाहा. हितसंबंधांच्या संघर्षाच्या त्या नियमात संघाचा अधिकारी आणि समालोचक ही पदं वेगवेगळी धरलेली आहेत. हिवाळ्यात रणजी संघ आणि उन्हाळ्यात चॅनेल असा बेत असेल, तर राज्य संघटनेकडून आधी लेखी घ्या. ये-जा होत नाही असं नाही. 2023 च्या आयपीएलमध्ये केदार जाधव जिओसिनेमावर मराठी समालोचन करत होता आणि मे उजाडताच तो बंगळूरच्या संघात दाखल झाला. पण दोन डगरींवर एकदम पाय ठेवता येत नाही.

आकड्यांचं कोठार पुन्हा भरणं

संघाचा डेटा गेला की सार्वजनिक डेटावर उभं राहायचं. सुरुवात क्रिकशीट या संकेतस्थळापासून करा. कसोटी, एकदिवसीय, टी-20, आयपीएल, डब्ल्यूपीएल अशा सामन्यांचा चेंडूगणिक हिशेब तिथे जेसन आणि सीएसव्ही (डेटा साठवायचे दोन प्रकार) फाइलींत फुकट मिळतो. वापरताना क्रिकशीटचा उल्लेख करा. फाइली एका डेटाबेसमध्ये भरणं दोन दिवसांचं काम आहे. खरा वेळ सफाईत जातो, आणि चुका घडतात त्याही तिथेच.

जेसन फाइलीत षटकं शून्यापासून मोजलेली असतात. पॉवरप्ले म्हणजे 0 ते 5, अखेरची चार षटकं म्हणजे 16 ते 19. 1 ते 6 असा फिल्टर लावलात तर पहिलं षटक गळतं आणि सातवं आत येतं, तरी आकडा इतका पटण्यासारखा दिसतो की कोणाला शंका येत नाही. सुपर ओव्हर वेगळा डाव म्हणून नोंदलेली असते. ती खूण पाहून डाव बाजूला काढला नाही, तर खेळाडूच्या कारकिर्दीत नसलेल्या धावा चढतात. वाइड फलंदाजाच्या चेंडूंत मोजायचा नाही, नो-बॉल मोजायचा. बाय आणि लेगबाय गोलंदाजाच्या नावावर नाहीत, वाइड आणि नो-बॉलच्या धावा आहेत. धावबाद गोलंदाजाचा बळी नाही. जखमी होऊन परतलेला फलंदाज नाबाद, पण 'रिटायर्ड आउट' (दुखापत नसताना डाव सोडून गेलेला) मात्र बाद.

नावांचा घोळ वेगळाच. किंग्ज इलेव्हन पंजाब 2021 पासून पंजाब किंग्ज, दिल्ली डेअरडेव्हिल्स 2019 पासून दिल्ली कॅपिटल्स, बंगळूरच्या नावाचं स्पेलिंग 2024 मध्ये बदललं. सगळ्यांत छळतो तो पुण्याचा संघ. 2016 चा रायझिंग पुणे सुपरजायंट्स पुढच्या वर्षी शेवटचा 'स' गाळून सुपरजायंट झाला आणि संगणकाच्या लेखी ते दोन संघ ठरले. धोनी दोन्ही हंगाम खेळला, पण नुसत्या नावावर शोधलंत तर एकाच हंगामाच्या धावा हाती येतात. उलट डेक्कन चार्जर्स आणि सनरायझर्स हैदराबाद एकाच शहरातले असले तरी निराळ्या फ्रँचायझी आहेत, त्यांची बेरीज करू नका. गुजरात लायन्स आणि गुजरात टायटन्स यांचंही तेच. संघ, मैदान आणि खेळाडू यांच्या पर्यायी नावांचे तीन तक्ते करा आणि प्रत्येक हंगामाआधी तपासा.

एक्सेलमधली नेहमीची चूक षटकांच्या दशांशाची. एखाद्याने 3.4 षटकांत 31 धावा दिल्या, तर ते 22 चेंडू होतात आणि इकॉनॉमी 8.45 येते. एक्सेलला 31 भागिले 3.4 करायला सांगितलं तर तो निमूटपणे 9.12 देतो. षटकं नेहमी चेंडूंत साठवा आणि पडद्यावर देताना पुन्हा षटकं करा.

कोठार भरल्यावर लगेच त्यावर लिहू नका. ओळखीच्या वीस आकड्यांची यादी करून ते ईएसपीएन क्रिकइन्फोच्या स्टॅट्सगुरू या आकडे शोधायच्या साधनावर ताडून पाहा. ख्रिस गेलच्या 23 एप्रिल 2013 च्या नाबाद 175 धावा तुमच्या हिशेबात 66 चेंडूंतच यायला हव्यात. नाहीतर कुठेतरी वाइड घुसला आहे.

एका टिपणाला किती वेळ

प्रक्षेपणात तुमचं काम म्हणजे चालू सामन्यात समालोचकाला आकड्यांची छोटी टिपणं पुरवणं. आयपीएलमध्ये 20 षटकांना 90 मिनिटं मिळतात, त्यातली 5 मिनिटं दोन स्ट्रॅटेजिक टाइमआउटची. राहिलेल्या 85 मिनिटांत 120 चेंडू, म्हणजे चेंडूमागे सरासरी 42 सेकंद. त्यातच रिप्ले, क्षेत्ररचना आणि समालोचकाचं आधीचं वाक्य. तुमच्या वाट्याला आठ-दहा सेकंद येतात. टाइमआउटमध्ये सविस्तर बोलता येईल असं नवख्याला वाटतं, पण ती अडीच मिनिटं जाहिरातींची असतात.

संघात तुम्ही असं लिहीत होतात: 'मधल्या षटकांत डावखुऱ्या फिरकीविरुद्ध स्ट्राइक रेट 96, निर्धाव 41 टक्के, स्वीप मारत नाही. 7 ते 10 मध्ये डावखुऱ्या फिरकीची दोन षटकं टाका.' प्रशिक्षक ते शांतपणे वाचतो, उलट प्रश्न विचारतो आणि चुकलं तर संध्याकाळी बोलावून घेतो. प्रेक्षकाला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्यासाठी तोच मजकूर असा करा: 'डावखुरा फिरकीपटू आला की हा फलंदाज थांबतो. 2023 पासून 112 चेंडूंत 108 धावा, आणि पाचातले दोन चेंडू निर्धाव.' आधी डोळ्यांनी दिसणारी गोष्ट, मग एक आकडा, फार तर दोन. चेंडूंची संख्या आणि काळ त्यात हवेतच. 'टाका' हा शब्द मात्र गेला. काय करावं ते सांगायला समालोचक बसलेला आहे, आणि तो बहुतेक वेळा तिथे खेळून आलेला असतो.

प्रत्येक टिपणावर तो आकडा कधीपर्यंतचा आहे ते लिहा. बंगळूरच्या 5 बाद 263 धावा 2013 पासून आयपीएलची सर्वोच्च धावसंख्या होती. 27 मार्च 2024 ला हैदराबादने मुंबईविरुद्ध 277 केल्या आणि 15 एप्रिलला बंगळूरविरुद्ध 287. मार्चच्या अखेरीस बरोबर असलेलं टिपण तीन आठवडेही टिकलं नाही.

विक्रमाच्या टिपणात कक्षा नीट सांगा. आंतरराष्ट्रीय टी-20 आणि सगळ्या टी-20 हे दोन वेगळे हिशेब. फ्रँचायझीसाठी केलेल्या धावांत 2009 ते 2014 मधल्या चॅम्पियन्स लीगच्या धावाही मोजल्या जातात, आयपीएलच्या धावांत नाहीत. खेळाडू दोन्हींपैकी एका टप्प्यापासून 12 धावा दूर असताना ग्राफिक्सवाल्याला दुसरा आकडा दिलात, तर पाचव्या मिनिटाला तुमच्या चुकीचा स्क्रीनशॉट फिरू लागतो. म्हणून मैलाचे टप्पे आदल्या रात्री वेगळ्या कागदावर काढा आणि दोन ठिकाणी ताडून घ्या. सामन्यापूर्वी चाळीसेक टिपणं तयार ठेवा. त्यातली दहा वापरली गेली तरी भरपूर झालं.

मॅच-अपचा मोह

मॅच-अप म्हणजे एक फलंदाज आणि एक गोलंदाज यांच्या जोडीचा हिशेब. '18 चेंडूंत 3 वेळा बाद' हे टीव्हीवर भारी दिसतं. पण हिशेब करून पाहा. टी-20 डावात 120 चेंडूंत सहा गडी धरले तर विसाव्या चेंडूला एक गडी. या दराने कोणताही सरसकट फलंदाज 18 चेंडूंत तीन किंवा जास्त वेळा बाद होण्याची शक्यता निव्वळ योगायोगाने सुमारे 6 टक्के निघते. सामन्याआधी तुम्ही अशा तीस जोड्या तपासल्या, तर एक-दोन धक्कादायक आकडे काहीही कारण नसताना हाती लागणारच. संघात अशा आकड्यावर निर्णय व्हायचा तेव्हा व्हिडिओ पाहून खात्री केली जायची. इथेही तेच करा. तीनही वेळा चेंडू आत येऊन त्रिफळा उडाला असेल तर बोला. एकदा पुढे सरसावण्याच्या नादात यष्टिचीत, एकदा सीमारेषेवर अफलातून झेल असं असेल तर सोडून द्या. व्हिडिओ नसेल तर 60 चेंडूंखालची जोडी प्रक्षेपणात वापरू नये असं आमचं मत आहे. समालोचक मागेल. तरी देऊ नका.

काम मिळवताना

अनुभवपत्रापेक्षा नमुने पाठवा: एका सामन्याचं पूर्वतयारीचं चार पानी टिपण, प्रत्यक्ष सामना पाहताना वेळेच्या नोंदीसह लिहिलेल्या ओळी, आणि सामन्यानंतरचा सहाशे शब्दांचा लेख. दुसऱ्या नमुन्याचा सराव घरी होतो. जुना सामना आवाज बंद करून लावा, 42 सेकंदांचा टायमर ठेवा आणि चेंडू पडल्यावर ओळ पूर्ण करा. मराठी प्रक्षेपणासाठी ओळ मोठ्याने म्हणून बघा. आयपीएल मार्चच्या सुमारास सुरू होते, विचारणा डिसेंबरमध्येच करा.

ऑगस्ट 2025 मधल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. बातम्यांचं सोंग घेतलेल्या सट्ट्याच्या साइट्स मात्र 'अंदाज' लिहायला माणसं शोधत असतात. पैसे बरे देतात, पण तिथे नाव छापून आलं की संघात परत यायचा दरवाजा बंद होतो.

मानधन दिवसावर ठरवा, सामन्यावर नको. तयारीचा आदला दिवस त्यात मोजून घ्या. साधारण 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापला जाईल, आणि वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली तर जीएसटी नोंदणी लागते. प्रवास, राहणं आणि डेटाचं शुल्क कोणाचं, ते वेगळं लिहून घ्या. पावसाने सामना वाहून गेला तरी त्या दिवसाचे पैसे मिळतील, ही ओळ करारात असल्याशिवाय सही करू नका.