कोरड्या फडक्याने पुसलेली धूळ परत का बसते, आणि काय करावे

एप्रिल-मेमध्ये जळगाव-धुळ्याकडे सकाळी पुसलेल्या टीव्हीवर दुपारी पुन्हा धूळ दिसते. वाऱ्याबरोबर दोष कोरड्या फडक्याचाही आहे. घासल्याने प्लास्टिकवर विद्युत प्रभार साठतो आणि कोरड्या हवेत तो लवकर जिरत नाही. हा प्रभार आधी डोळ्यांनी पाहा.

वायरिंगचा 20 मिमी पीव्हीसी पाइप फूटभर घ्या. एक टोक हातात धरून उरलेला भाग लोकरी स्वेटरच्या तुकड्याने पंधरा-वीस वेळा जोरात घासा. पातळ कागदाचे अर्ध्या सेंटिमीटरचे कपटे टेबलावर पसरा आणि पाइप 2 सेंटिमीटरवर आणा. कपटे उडी मारून चिकटतात. काही क्षणात त्यातले एखाद-दोन झटकल्यासारखे दूर फेकले जातात.

कपट्यांवर तर प्रभार नव्हता, मग ओढ कसली? पाइपवरचा ऋण प्रभार कपट्यातले इलेक्ट्रॉन किंचित पलीकडे सारतो. अलीकडची बाजू धन होते, आणि ती जवळ असल्याने ओढच वरचढ ठरते. चिकटल्यावर पाइपचा ऋण प्रभार घेतलेला कपटा मात्र दूर ढकलला जातो. धुळीचे कण असेच खेचले जातात.

आता कोरीव लाकूड किंवा प्लास्टिकची फुले घ्या, जिथे फडके पोचत नाही. घासलेला पाइप 1 सेंटिमीटरवरून सावकाश फिरवा. दोन फेऱ्यांनंतर तो ओल्या कपड्याने पुसा, पूर्ण वाळवा, पुन्हा घासा. सुटी धूळ निघेल. स्वयंपाकघरातली तेलकट धूळ निघणार नाही. श्रावणात प्रयोग फसतो, कारण पाइपवर बसलेल्या ओलाव्यातून प्रभार निसटतो.

हाच ओलावा टीव्हीसाठी कामाचा. प्लग काढा, पडदा थंड होऊ द्या, मऊ मायक्रोफायबर पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि दाब न देता पुसा. घासलेला पाइप उघड्या सर्किटजवळ नेऊ नका, चिप जळू शकते. पेट्रोल किंवा उडणाऱ्या रुईजवळ तर हा प्रयोग नकोच. ठिणगीने आग लागू शकते.

भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात धुरातली राख याच तत्त्वाने पकडतात: उच्च दाबाच्या तारांमुळे राखेला प्रभार मिळतो, ती पत्र्यांवर बसते आणि पत्रे ठोकून खाली पाडली जाते. छतावरच्या सोलर पॅनलला मात्र पाइप पुरणार नाही. ते भल्या सकाळी, काच थंड असताना मऊ ब्रशने धुवा. बोअरचे पाणी जड असेल तर लगेच निथळून घ्या, नाहीतर पांढरे डाग राहतात.